न उघडलेलं वारूळ

नोकरीत काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, जंतू पाळते. ऐकणारा हसायचा आणि मग नकळत थोडा मागे सरकून बसायचा. लग्नकार्यात तर मला पंगतीत वाढायला कुणी बोलवत नसे. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पुढेपुढे मलाच ते सोयीचं वाटू लागलं.

मी मालवणची. वडील रापणीच्या जाळ्यावर जायचे, आई मासे विकायची. त्या घरातली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि सावंतवाडीच्या बाजूला असलेल्या एका लहान संशोधन केंद्रात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागली. केंद्र काजू आणि आंब्याच्या रोपांचं. माझ्या वाट्याला आली वाळवी, आणि तिच्याबरोबर माझं अख्खं नोकरीचं आयुष्य गेलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाळवी उजेडात येत नाही. तिला दिसतही नाही. खोडावर मातीचा पातळ लेप चढवत, त्या लेपाच्या आडून ती वर सरकते आणि झाड आतून खाते. तिला मारायची विषं बाजारात मिळतात, पण ती जमिनीत राहतात, पावसात वाहतात आणि शेवटी विहिरीत उतरतात. म्हणून आम्ही दुसरी वाट शोधत होतो. मातीत, झाडांच्या मुळांना लगटून काही जंतू राहतात. मुळांतून जे झिरपतं त्यावर ते जगतात. त्यांतल्या काहींपासून असा वायू निघतो की सतत जवळ राहणाऱ्या वाळवीचा श्वास कोंडतो. असे जंतू शोधायचे, काचेच्या बशीत वाढवायचे, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळायचे आणि शेणखतातून मुळांशी घालायचे, एवढंच आमचं काम. त्यात जादू काही नाही. हे जंतू उन्हात मरतात, सुक्या मातीत मरतात आणि कधीकधी काही कारण न देताच मरतात.

एकदा जामसंड्याहून एक मुख्याध्यापक आले होते. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली होती आणि विषारी औषध मुलांच्या हाताला लागेल म्हणून त्यांना आमची भुकटी हवी होती. मी त्यांना सांगितलं की ही भुकटी चालायला ओलसर शेणखत लागतं, आणि ते सतत ओलं ठेवावं लागतं. त्यांनी कपाट डोळ्यांसमोर आणलं असावं. पाणी पिऊन, आभार मानून ते परत गेले.

पण मला सांगायचं आहे ते तात्या गावड्यांबद्दल.

दोन हजार एक सालचा ऑक्टोबर असावा. सकाळी केंद्राचं दार उघडायच्या आधीच एक सत्तरीचे गृहस्थ पायरीवर बसले होते. डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी. आंबोलीहून पहिल्या एस.टी.ने उतरले होते. गोणपाट उघडून त्यांनी फांदी टेबलावर ठेवली. पानं तुकतुकीत, काठाला बारीक दाते. असलं झाड मी आधी पाहिलं नव्हतं.

"चाय," ते म्हणाले. "झाड हिरवागार दिसता, पण आतसून सगळा पोकळ."

तात्यांची सारी नोकरी आसामात चहाच्या मळ्यावर गेली होती. निवृत्त होऊन गावी परतताना त्यांनी ओल्या कोळशाच्या चुऱ्यात घालून चहाचं बी आणलं. घराखालच्या उतारावर ते रुजवलं आणि नऊ-दहा वर्षांत तिथे चारेकशे झुडपं उभी केली. गावात लोक हसले. मग पाहुण्यांना दाखवायला घेऊन येऊ लागले. आता त्या झुडपांना वाळवी लागली होती. छाटलेल्या फांदीच्या जखमेतून ती आत शिरायची आणि एके दिवशी बोट लावलं की अख्खं झुडूप आडवं व्हायचं.

आमचे सर कीटकशास्त्राचे, शिस्तीचे. चहा आपल्या यादीत नाही, असं त्यांनी तात्यांना सौजन्याने सांगितलं. तात्यांनी वाद घातला नाही. फांदी पुन्हा गुंडाळायला लागले. गुंडाळताना त्यांची बोटं पानांवरून ज्या सवयीने फिरली ती सरांनी पाहिली, आणि मला म्हणाले, "जाऊन बघून या तुम्ही. एकदाच."

त्या ‘एकदाच’ची पुढे दोन-अडीच वर्षं झाली.

मी समुद्राकाठची. माझ्यासाठी आंबोली म्हणजे घाटात बस थांबते तिथली भजी. त्या दिवशी बसमधून उतरले तेव्हा धुकं इतकं होतं की तात्यांचा आवाज आधी आला आणि तात्या नंतर दिसले. त्यांच्या मागून मी उतार उतरत गेले. चहाची झुडपं कमरेएवढी, ओळीने लावलेली. धुक्यात जवळची ओळ दिसायची, तिच्यापलीकडची असल्यासारखी वाटायची आणि त्यापलीकडे काहीच नसायचं. कुठेतरी पाणी वाहत होतं. तात्या प्रत्येक झुडपापाशी थांबून ते कोणत्या वर्षी रुजलं ते सांगत होते आणि मी वहीत काही न लिहिता नुसती ऐकत होते. निम्मा उतार तसाच चालून गेल्यावर मला आठवलं की मी कामाला आले आहे.

घरात मात्र वेगळंच वातावरण होतं. तात्यांच्या पत्नी, रुक्मिणीकाकी, यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, पण तात्यांशी त्या बोलत नव्हत्या. काय ते मला हळूहळू कळलं. उताराच्या वरच्या अंगाला पुरुषभर उंचीचं एक वारूळ होतं. आमच्याकडे वारूळ म्हणजे सातेरी देवीचं, आईचं रूप. काकी त्याला रोयण म्हणायच्या आणि रोज सकाळी तिथे फूल ठेवायच्या. तात्यांनी सावंतवाडीच्या बाजारातून वाळवीचं विष आणलं होतं आणि ते वारुळात ओतायला निघाले होते. काकी वारुळासमोर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत बसून राहिल्या.

"आवशीच्या घरात इख ओततल्यात?" एवढंच त्या तात्यांना म्हणाल्या होत्या. त्यानंतर आठ दिवस अबोला. विषाचा डबा पडवीत तसाच पडून होता.

मी दोघांनाही समजावलं की माझ्याकडे विष नाही. काकींनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "रोयणीत काय घालूचा नाय मा?"

"नाय काकी," मी म्हटलं. "फकत चायच्या मुळात."

हे वाक्य खरं होतं. पण ते अर्धंच खरं होतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मुळांशी येणारी वाळवी तिथेच मरत नाही. अंगाला लागलेले जंतू घेऊन ती परत जाते, बाकीच्यांना चाटते, भरवते. आमच्या भुकटीचं खरं बळ तिथेच होतं. सरांच्या भाषेत सांगायचं तर रोग घरपोच होतो. मी हे काकींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि धुक्यातल्या त्या ओळी मी नुकत्याच पाहून आले होते.

उताराच्या खालच्या कोपऱ्यात दहाएक झुडपं अशी होती की सगळ्या बाजूंची मेली तरी त्यांना काही झालं नव्हतं. मी त्यांच्याच मुळांची माती पिशव्यांत भरून आणली. प्रयोगशाळेत ती पाण्यात कालवली, पुन्हापुन्हा पातळ केली आणि थेंब थेंब बशांवर पसरला. दोन दिवसांनी बशा बाहेर काढल्या. आमच्याकडे काळा पडदा लावलेली एक खोली होती, त्यात एक अतिनील दिवा. काही जंतू त्या दिव्याखाली चमकतात, त्यावरून ओळखायचे. मी एकेक बशी धरत गेले. बऱ्याचशा काळोख्याच राहिल्या. मग एका बशीत हिरवट निळा उजेड उमटला. लहान लहान ठिपके, भोवती पसरलेलं फिकट तेज. लहानपणी रात्री समुद्राच्या काळोख्या पाण्यात हात घातला की बोटांभोवती असाच उजेड उठायचा. मी दिवा बंद करायचा विसरून तशीच बसून राहिले.

त्याच आठवड्यात तात्या खाली आले होते. मी त्यांना पडद्याआड नेलं. ते बशीवर वाकले.

"ही माझ्या जमनीतली?"

"होय तात्यानू. तुमच्या चायच्या मुळातली."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढचं काम इतकं सुंदर नव्हतं. या जंतूंनी वाळवी मरते का, हे पाहायला वाळवी जिवंत ठेवावी लागते. एका बशीत जंतूंचं पाणी, दुसऱ्या बशीत साधं पाणी, दोन्हीकडे वाळवी. पहिलीत मेली आणि दुसरीत जगली तर जंतूंचं काम. माझ्या दोन्ही बशांतली वाळवी मरत होती. तीन वेळा मेली. सर म्हणाले, वाळवी पाळता येत नसेल तर मारता येते असा दावा करू नका. खरं होतं ते.

पुढच्या खेपेला आंबोलीला गेले तेव्हा हे गाऱ्हाणं मी काकींसमोर सहज बोलून गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेंका तेंची माती व्हयी." मग सूप बाजूला ठेवून उठल्या, पाय धुतले, वारुळापाशी गेल्या. हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि वारुळाच्या कडेची ओंजळभर माती, तिच्यातल्या बुरशीच्या भुऱ्या तुकड्यांसकट, माझ्या डब्यात घातली. स्वतःच्या हाताने.

त्या मातीवर माझी वाळवी जगली. साध्या पाण्याच्या बशीतली आठवडाभर खेळत राहिली. जंतूंच्या बशीतली तिसऱ्या दिवशी मंदावली आणि पाचव्या दिवशी निपचित झाली. नोकरीत मी इतकी आनंदात क्वचितच असेन. आणि त्या आनंदात एक काटा होता. काकींनी माती घातलेला डबा धुताना तो मला पहिल्यांदा टोचला.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर आम्ही भुकटी घातली. ती आधी शेणखतात कालवून पंधरा दिवस गोणपाटाखाली ओलसर ठेवावी लागते, म्हणजे जंतू वाढतात. ते काम काकींनी स्वतःकडे घेतलं. रोज दुपारी गोणपाट उचलून, हाताने खालीवर करून, पाणी शिंपडून पुन्हा झाकायच्या. मी गेले की ढिगात हात घालून दाखवायच्या. "उबारो इलो बघ." मीही हात घालायची. ढीग खरंच कोमट असायचा. तोवर तात्यांशी त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. दोघं ओळीओळीने फिरत, तात्या मुळाशी माती उकरत आणि काकी ओंजळीने खत घालत. धुकं आलं की मी त्यांना नुसतं ऐकायची. "ही झाली काय?" "नाय, ती रवली."

मग वाट पाहणं. या धंद्यात वाट पाहणंच जास्त. त्या थंडीत तात्यांनी छाटणी केली. छाटलेल्या जखमांवर मातीचा लेप चढला नाही. जुने लेप वाळून, बोट लावताच गळून पडत होते. उन्हाळ्याआधी कोवळी पालवी आली तेव्हा तात्यांनी पहिली दोन पानं आणि कळी खुडून घरातल्या चटईवर सुकवली, हाताने मळली, तव्यावर भाजली. त्या चहाला चव कसली म्हणाल तर धुराची. आम्ही तिघांनी तो प्यायला आणि तात्यांनी आणखी एक कप मागितला.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर मी वर गेले तेव्हा काकी मला थेट वारुळाकडे घेऊन गेल्या. वारुळाचं टोक पावसाने ढासळलं होतं. दरवर्षी ढासळतं, पण आठ दिवसांत वाळवी ते नव्या, ओल्या मातीने भरून काढते. यंदा कुणी भरलं नव्हतं. कडांवर शेवाळ चढलं होतं.

"यंदा रोयण वाढूक नाय," काकी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. त्या मला सांगत होत्या, कारण असल्या गोष्टी मला कळतात अशी त्यांची समजूत होती.

मी तिथेच, उभ्या उभ्या, त्यांना सगळं सांगितलं. जंतू अंगाला लागून घरी कसे जातात ते सांगितलं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेही सांगितलं. वारुळं आपोआपही मरतात, आमच्या भुकटीनेच असं झालं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, हेही म्हणणार होते. पण त्यांच्या हातांकडे नजर गेली आणि ते माझ्याने म्हणवलं नाही.

काकींनी कडेवरचं शेवाळ बोटाने खरवडलं. धुकं आमच्यामधून जात होतं.

"तू तेवा सांगलं असतंस तर मी माती दिलंय नसतंय," त्या म्हणाल्या.

"होय काकी."

"खतात हात घातलंय नसतंय."

"होय."

"मगे चाय गेली असती."

त्या वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. दारात पोचल्यावर मागे न बघता म्हणाल्या, "भितर ये. भिजतलंस." त्या दिवशी त्यांनी मला जेवू घातलं, पण ताटात काय हवं नको ते एकदाही विचारलं नाही.

सरांना उताराचे आकडे आवडले. फक्त एक गोष्ट हवी होती. वारूळ उघडायचं, आतल्या मेलेल्या वाळवीत आपलेच जंतू सापडतात का ते पाहायचं. सापडले की काम पुरं, मोठ्या परिषदेत मांडता येण्यासारखं. सापडले नाहीत तर झुडपं कशाने वाचली हे खात्रीने म्हणता येत नाही. कुदळ आणि दोन माणसं, अर्ध्या दिवसाचं काम. सर चुकीचं काही सांगत नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं.

त्या कामासाठी मी आंबोलीला गेलेच नाही. अहवालात लिहिलं, वारूळ उघडून पाहिलेलं नाही, त्यामुळे निष्कर्ष निश्चित नाही. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, परवानगी नाही. कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी विचारलेलीच नाही, असं मी उत्तर दिलं. त्यांनी सही करून कागद पुढे सरकवला. तो अहवाल पुढे कुठे गेला नाही. आमची भुकटी काजूच्या बागांत थोडीफार चालली, कुठे लागू पडली, कुठे नाही. चहाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निवृत्त होईपर्यंत मला अधूनमधून वाटत राहिलं की त्या वारुळात आपले जंतू होतेच. आजही वाटतं. पण वाटणं म्हणजे सिद्ध होणं नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवत असे.

काकींच्या घरी मी जात राहिले. एक वर्ष त्या मोजकंच बोलायच्या. मग हळूहळू बोलू लागल्या. कधी, कशाने, ते आठवत नाही. त्या मेलेल्या वारुळापाशीही त्या रोज फूल ठेवत होत्या. चार वर्षांनी तात्या गेले. सकाळी उतारावर गेले होते, तिथेच एका ओळीत बसल्यासारखे सापडले. मी दिवसांना गेले तेव्हा चहाला फुलं आली होती. पांढरी, मध्ये पिवळी, खाली तोंड केलेली. छाटणी चालू असली की ही फुलं फारशी दिसत नाहीत. तात्यांनी त्या वर्षी छाटलं नव्हतं.

दोन हजार दहा साली, माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, काकींचा निरोप आला की येऊन जा. मी गेले. त्या काठी टेकत मला पडवीलगतच्या खोलीच्या दारापाशी घेऊन गेल्या. तात्या जिथे पानं सुकवायचे ती खोली. चटया कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या, आणि भिंतीलगत, जमिनीतून, गुडघ्याएवढं वारूळ वर आलेलं. ओलं, ताजं, लाल. त्यावर अबोलीचं एक फूल.

"थंयच्या रोयणीत आता कोण नाय," काकी म्हणाल्या. "ती हंय इली."

वारूळ हलत नाही, हे दुसऱ्याच वाळवीचं आहे, हे मला ठाऊक होतं. चपला दाराबाहेर काढून आत गेले आणि सवयीने लाकडी खांबावर बोटांनी टकटक केली. वरचा भाग भरीव वाजला. कमरेखाली आवाज पोकळ आला. त्याच खांबावर छप्पर होतं.

"तू काय ता सांग," काकी म्हणाल्या. "माका हयसून जावचा लागतला काय?"

वाळवी कशी मरते हे सांगायचा मला पगार मिळत होता. ती घरात असताना घर कसं टिकतं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी खाली बसून विचार केला. मग सांगितलं की लाकूड काढायचं आणि चिऱ्याचा खांब बांधायचा. चिरा वाळवी खात नाही. तुळई भिंतीपासून हातभर दूर घ्यायची, चटया आणि कपाट बाहेर काढायचं, आणि खोलीत लाकडाची काडी ठेवायची नाही. मग ती आपली जमिनीत राहील, बाहेर पाचोळा खाईल आणि तुम्ही आपल्या घरात राहाल.

गवंडी खालच्या वाडीतून आला. खांब वारुळापासून वितीवर येत होता, त्यामुळे त्याला अंग चोरून काम करावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी तो वैतागला आणि हे कोणाच्या डोक्यातलं काम, असं त्याने काकींना विचारलं. काकींनी माझ्याकडे काठी केली. "ती वाळवीची डॉक्टर आसा. तिका इचार."

गवंडी माझ्याकडे वळला. "बायनू, ह्येंका मारूचा औषध गावता मा?"

"गावता," मी म्हटलं.

"मगे?"

दारातून धुकं आत येत होतं. काकी पडवीत चहा गाळत होत्या, उतारावरच्या पानांचा.

"मगे काय," मी म्हटलं, "चिरो सरळ लाव."